भिंतीवरनं दिलेला पॅटर्न

माझी शाळा चौथीपर्यंत. चौथीत दोनदा बसलो, मग गुरुजीही कंटाळले आणि मीही. पण ओतकामातलं मला कुणी शिकवायला जाऊ नये. काळी वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची आणि तो गोळा अंगठ्यानं मोडायचा. कसा मोडतोय त्यावरनं आज साचा उभा राहणार का ढासळणार, ते मी सांगतो. लॅबमधले लोक तेच मशिनीवर काढतात, पण त्यांना अर्धा तास लागतो. ही बढाई आहे. पण खरी आहे, म्हणून लिहायला लाज वाटत नाही.

हे लिहायचं कारण असं, की मध्यंतरी एका कागदावर माझी सही पाहिजे होती आणि ती मी देत नव्हतो. त्या सहीवाचून आमच्या फौंड्रीची विक्री अडली होती, आणि मीही अडलो होतो. बाहेर लोक वाटेल ते बोलतात. म्हातारा हट्टाला पेटला म्हणतात. पेटलो होतोच. पण कशावरनं, ते कुणी धड सांगत नाही.

तेव्हा माझी निघायची तयारी झालेली होती. बायको शाहूवाडीकडच्या आमच्या गावी पुढं जाऊन बसली होती. कौलं चाळून घेतली होती, भाताची रोपं वाढवायला तरव्याची जागा भाजून ठेवली होती. "रोपलागणीला या," एवढाच तिचा निरोप. मी मालकांकडं गेलो आणि सांगितलं, आता बास झालं, मला मोकळं करा.

मालक म्हणजे थोरल्या मालकांचा मुलगा. थोरल्यांनी मला वाळू चाळायला कामावर घेतलं, आणि वाळू चाळता चाळता मी मिस्त्री झालो. धाकट्यानं माझं ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाला, "मिस्त्री, जरा दम धरा. कारखाना विकतोय."

"कुणाला?"

त्यानं खिडकीतनं भिंतीकडं बोट केलं.

भिंतीपलीकडं दुसरी फौंड्री आहे, परगावच्या मोठ्या कंपनीची. आमच्यासारखीच कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तीही करते. पंपाची, ट्रॅक्टरची. दोघांची गिऱ्हाइकं बरीचशी तीच. दरावरनं मालकामालकांत कायम चुरस. पण खाली कामगारांत तसं नव्हतं. भिंतीला एका जागी दोन विटा निखळल्या होत्या, पुढं त्यांच्या चार झाल्या. त्या भगदाडातनं आमचं उसनंपासनं चालायचं. वाळूत मिसळायच्या बेंटोनाइट मातीची त्यांची पोती संपली की आम्ही द्यायची, रस ओतायचा आमचा लॅडल तडकला की त्यांनी द्यायचा. चार दिवसांनी परत. कुणी लिहून ठेवत नव्हतं. पलीकडचा फोरमन म्हणजे माझा व्याही, माझी थोरली त्याच्या घरात दिलेली. तो वडगावहून गाडीवर येतो. सोयरीकसुद्धा त्या भगदाडातच ठरली, मांडव तेवढा बाहेर घातला.

मालकांनी माझ्यापुढं एक यादी ठेवली. विक्रीच्या करारात लिहिलेलं, की कारखान्यातली ही महत्त्वाची माणसं, ह्यांनी जाऊ नये. चार इंजिनियर, आणि पाचवं नाव माझं. "तुम्ही नसला तर ते घेणारच नाहीत," मालक म्हणाले. खरं असेल, नसेल. मला ते गोड लागलं. खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं. ते मी वाचलं नाही. नाव वाचलं आणि सही केली.

फोनवर बायकोला सांगितलं, "चार इंजिनियर आन मी."

ती म्हणाली, "इंजिनियरास्नी रोप लावायचं न्हाई. तुमास्नी हाय. कवा येतासा?"

"मंजुरी आली की."

"कुनाची?"

"दिल्लीची."

"आपल्या कारखान्याचं दिल्लीला काय पडलंय?"

मलाही तेच वाटत होतं. घेणारा घेतोय, विकणारा विकतोय, मधी तिसरा कशाला? पण एवढ्या मोठ्या कंपन्यांची खरेदी असली की धंद्यातली चुरस मरत नाही ना, हे बघणाऱ्या दिल्लीच्या आयोगाला आधी सांगावं लागतं, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढं पाऊल टाकता येत नाही, असा कायदा आहे. तो समजावून सांगायला पुण्याहून एक वकीलबाई आल्या. सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं. यादीतली माणसं पुढं, म्हणून मलाही पहिल्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीवर. भिंतीवर इंग्रजी अक्षरं पडली. वकीलबाई वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी सगळ्यांवरनं नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"काका, तुमच्यासाठी मी अगदी सोपं करून सांगते हं."

पाठीमागं कुणीतरी खुदकन हसलं. मी उठलो. "भट्टी बघून येतो," म्हणालो आणि बाहेर पडलो. परत गेलो नाही. आत काय सांगितलं ते कुणाला विचारलंही नाही. विचारायचं म्हणजे त्या हसणाऱ्यालाच विचारायचं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत आमच्या भट्टीचं लायनिंग गेलं. आतला थर फुटला की भट्टी बंद ठेवून तो नव्यानं ठोकावा लागतो, ते एका दिवसाचं काम नव्हे. आणि आमच्यावर एका जुन्या गिऱ्हाइकाची पंपाच्या बॉडीची ऑर्डर उभी होती. मालक परगावी. मी पॅटर्न खांद्यावर टाकला आणि भिंतीकडं गेलो.

पॅटर्न म्हणजे जी वस्तू ओतायची तिचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. ज्याच्या हातात पॅटर्न, त्याच्या हातात ते काम. हा मी स्वतः बसून करून घेतलेला. कुठं जाडी ठेवायची, लोखंड गार होताना कुठं आकसतं, ते सगळं त्या लाकडात उतरलेलं. त्या भगदाडातनं आम्ही वाळू दिली, लॅडल दिला, एकदा कप्पीसुद्धा दिली. पॅटर्न कधी दिला नव्हता.

व्याही भगदाडाशी आला. मी म्हणालो, "पावणं, हे धरा."

"आवं, ही काय वाळू हाय व्हय? पॅटर्न हाय त्यो."

"माझं डोळं फुटल्यात काय? ठाव हाय मला. तुमच्या भट्टीत वतून द्या."

"मालकास्नी इचारलंय न्हवं?"

"मी कुणाला इचारू? आन आता घर एकच झालंय की. सुपारी फुटली. हे तुमचं, हे आमचं, कुठवर करायचं?"

"सुपारी फुटली म्हणून कोण पोरगी धाडून देत न्हाई, मिस्त्री."

"धरा म्हणतोय न्हवं!"

त्यानं धरला. त्याला माझा स्वभाव माहीत. लेकीचा सासरा असून शब्द मोडत नाही माझा. भगदाड लहान पडलं, म्हणून पॅटर्न भिंतीवरनं वर करून दिला. कास्टिंग वेळेत झाली, ऑर्डर ठरल्या दिवशी गेली. त्या रात्री मी खुशीत जेवलो.

मग गिऱ्हाइकाचं पत्र आलं. प्रत्येक कास्टिंगवर ओतल्याचा नंबर उमटवलेला असतो. आमचा गोलात असतो, पलीकडच्यांचा चौकोनात. गिऱ्हाइकानं चौकोन बघितला आणि लिहिलं, की तुम्ही दोघं एक झालात काय? झाला असलात तर आता दर आम्ही कुणाकुणाला विचारायचा? ह्या पत्राची प्रत त्यानं दिल्लीलाही धाडली होती.

मालकांचा चेहरा पांढरा पडलेला. "मिस्त्री, काय करून बसलात?"

"ऑर्डर वेळेत दिली."

"अहो, मंजुरी यायच्या आधी एक झाल्यासारखं वागायचं नाही, हेच तर सांगितलं होतं!"

मला सांगितलं होतं का, ते मला माहीत नव्हतं.

वकीलबाई दुसऱ्या दिवशी आल्या. ह्या खेपेला मला एकट्याला समोर बसवलं, मालक बाजूला.

"हा पॅटर्न याआधी त्यांना कधी दिला होता?"

"कधीच न्हाई."

"मग आत्ताच का दिलात?"

"आता आमचं एकच झालंय की," मी म्हणालो. अगदी छाती काढून म्हणालो. मला वाटलं, हे ऐकून तर ह्या खूश होतील.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मालकांनी डोळे मिटले.

मग त्या म्हणाल्या, "अजून झालेलं नाही. दिल्ली नाही म्हणाली तर? उद्या तुम्हाला पुन्हा एकमेकांच्या विरोधात धंदा करायचाय. तुमची जाडी, तुमचं गिऱ्हाईक, सगळं त्यांना कळलेलं. ते कसं परत आणणार?"

व्याह्याचं बोलणं मला तेव्हा कळलं. सोयरीक मोडली तर काय, असंच तो विचारत होता. त्याला कळलं होतं, कारण हाच कायदा ऐकायला त्यांच्या कँटीनमध्ये तो शेवटपर्यंत बसला होता.

पत्र दिल्लीला गेलेलंच होतं, म्हणून त्यांनी विचारायच्या आधी आपणच सगळं कळवायचं ठरलं. त्याबरोबर माझा जबाब जोडायचा. वकीलबाईंनी तो तयार करून आणला आणि मला वाचून दाखवला. सदर कामगार अल्पशिक्षित असून, कायद्याच्या अज्ञानामुळे व समज नसल्यामुळे त्याच्या हातून असं घडलं. खाली माझं नाव आणि सहीची रेघ.

"सही करणार न्हाई," मी म्हणालो.

"मिस्त्री, तुम्हाला वाचवायलाच असं लिहिलंय," मालक म्हणाले.

"मला बुडवून वाचवू नका. ती यादी काढा. त्यात मी महत्त्वाचा माणूस. माझ्याबिगर कारखाना घेत न्हाईत. आन ह्या कागदात मी अडाणी. दोन्ही कागद एकाच हाफिसात जाणार. दोन्हीतलं एक ठरवा, मग मी सही करतो."

वकीलबाई बघत राहिल्या. मालकांनी डोकं हातात धरलं. दोघांना मी बरोबर पेचात धरलं होतं, आणि मला त्याचा आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

तो आनंद चार दिवस टिकला. त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी कोंडवाडा म्हणतो.

पहिल्यांदा भगदाड बुजवलं. गवंडी आला, चार विटा बसवल्या, वर गिलावा मारला. मंजुरी येईपर्यंत व्याह्याशी बोलायचं नाही, असं मला बजावलं, आणि तिकडं त्याला. गेट सोडून रस्त्यावर एक चहाची टपरी आहे, तिथं आम्ही सकाळी एका बाकावर बसायचो. आता दोन बाकांवर बसायला लागलो. टपरीवाला बिचारा मधी सापडला.

"त्यास्नी सांग," व्याही माझ्याकडं न बघता म्हणायचा, "लेक बरी हाय."

"त्यास्नी सांग," मी म्हणायचो, "ऐकलं."

टपरीवाला एके दिवशी वैतागला. "आवं, दोघं बी मोठ्यानं बोलतासा, दोघास्नी बी ऐकू येतंय. मला कशाला मधी घालतासा? च्या थंड हुतोय माझा."

काम तेच चाललं होतं, पण सगळं थिजलेलं. नवीन मशीन घ्यायचं नाही, माणूस घ्यायचा नाही, कुणी जायचं नाही. मंजुरी येईपर्यंत कारखाना जसा आहे तसा राहिला पाहिजे. मी रोज सकाळी यायचो, वाळू मुठीत दाबायचो, मोडायचो. गावाकडनं फोन यायचा. तरवा वर आलाय. रोप काढायला झालंय. मग एक दिवस, "लावून घेतलं." बायका मजुरीनं लावून तिनं रोपलागण उरकली होती. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

आणि कामगार. विक्री मोडली तर मालक कारखाना बंदच करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालकांची मुलं परदेशात, बघणारं कुणी नाही. पहिल्यांदा लोक हळू विचारायचे, "मिस्त्री, झालं का न्हाई अजून?" पुढं विचारायचे थांबले. जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. एकदा कास्टिंगच्या कडा घासणारा एकजण, माझ्याच हाताखाली तयार झालेला, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "सही येत न्हाई काय मिस्त्री? मग आंगठा द्या की!"

पूर्वी असतं तर त्याला तिथंच आडवा घेतला असता. त्या दिवशी डबा बंद केला आणि उठलो. सोडून जाता येत नव्हतं, कारण यादीत सही. सही करता येत नव्हती, कारण जबाबात अडाणी. मालकांना मला काढताही येत नव्हतं, यादीतला माणूस काढला तर करारच बिघडणार. मालकही माझ्यात अडकले होते आणि मी त्यांच्यात. आमचं रोजचं रामराम तेवढं चालू होतं.

मला माझं म्हणणं बरोबर वाटत होतं. आजही वाटतं. पण आत कुठंतरी एक खडा टोचत होता, आणि बायकोनं बरोबर त्यावरच बोट ठेवलं.

ती फोनवर म्हणाली, "येक सांगा. सगळ्यास्नी कायदा सांगितला, तुमास्नीच कसा सांगितला न्हाई?"

"मी मधनंच उठलो."

"कशापायी?"

"भट्टी बघायला."

ती म्हणाली, "त्या दिवशी तर तुमच्यात लाइट न्हवती. दुपारी फोन करून तुमीच म्हणालासा की, आज लाइट न्हाई, भट्टी गार पडलीया, नुसतं कँटीनमध्ये बसवून ठेवल्यात म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग काय बघायला गेलतासा?" ती म्हणाली.

फोन तिनंच ठेवला. तिला दुसरी कामं होती.

एक आठवडा मी हे कुणाला सांगितलं नाही. मुठीत वाळू दाबत होतो, मोडत होतो, आणि ती कशी मोडते तिकडं लक्ष नव्हतं. मला अडाणी म्हणू नका, असं मी महिनाभर ओरडत होतो. ते बरोबर होतं. मला काही कळत नाही असं नव्हतंच. मला कळवायला बोलावलं होतं, आणि एका हसण्यासाठी मी उठून गेलो होतो. अडाणी माणसाला सांगून कळत नाही. मी ऐकूनच घेतलं नव्हतं. दोन्हीत लाजिरवाणं कुठलं, ते माझं मला कळत होतं.

वकीलबाई पुन्हा आल्या तेव्हा मी आपणच ऑफिसात गेलो. मालक होतेच.

"लिवा," मी म्हणालो. "मी सांगतो तसं लिवा. मग सही करतो."

त्यांनी पेन घेतलं.

"कायदा सांगायला मला बोलावलं हुतं. पुढच्या खुर्चीवर बसवलं हुतं. मी भट्टी बघायला जातो म्हणून उठलो आन परत गेलो न्हाई. भट्टी त्या दिवशी थंड हुती."

त्या लिहायच्या थांबल्या. "मग का उठलात?"

"तुमी मला सोपं करून सांगतो म्हणालासा."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. ते वाक्य त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी इतके दिवस उराशी धरून बसलो होतो, आणि त्यांनी ते शंभर जागी शंभरजणांना म्हटलेलं असणार.

"पुढं लिवा. पॅटर्न मी माझ्या मनानं दिला. मालक गावात न्हवते, त्यास्नी ठाव न्हवतं. पलीकडच्या फोरमननं मला आडवलं हुतं. मी ऐकलं न्हाई."

"काका," त्या म्हणाल्या, "अज्ञान लिहिलेलं तुम्हाला सोयीचं होतं. हे जास्त वाईट दिसेल, कळतंय ना?"

"दिसू दे. पर माझं हाय."

त्यांनी सगळं परत वाचून दाखवलं. ह्या खेपेला मी खालची बारीक अक्षरंसुद्धा वाचून घेतली. मग सही केली. माझी सही सावकाश होते, एकेक अक्षर लावावं लागतं. तोवर मालकांनी माझ्यासमोरचा चहाचा कप जरा बाजूला सरकवला, सहीवर सांडू नये म्हणून.

पुढं दिल्लीहून प्रश्न आले, उत्तरं गेली, पुन्हा प्रश्न आले. भात पोटरीला आलं तरी कागद आला नव्हता. शेवटी मंजुरी आली. काही अटी घातल्या होत्या, लहान गिऱ्हाइकांचे दर एकाएकी वाढवू नयेत अशातल्या. पॅटर्नच्या भानगडीचं वेगळं प्रकरण चालेल म्हणाले. दंड बसला का, किती बसला, ते मला कुणी सांगितलं नाही. विचारायचं तोंड मला नव्हतं.

त्या सकाळी टपरीवर व्याही माझ्या बाकावर येऊन बसला. इतक्या महिन्यांचं बोलायचं साचलं होतं, आणि दोघांनाही सुरुवात सापडेना.

"त्यास्नी सांग," तो टपरीवाल्याला म्हणाला, "झालं आता घर एक."

टपरीवाला हसला. मलाही हसू आलं. पण पोटातनं आलं नाही.

मी मालकांना म्हणालो, "आता मी निघतो." त्यांनी कपाटातनं ती यादी काढली आणि माझ्या सहीच्या वरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. मंजुरीनंतर दोन वर्षं. महत्त्वाच्या माणसांनी दोन वर्षं राहायचं, नव्या लोकांना काम शिकवायचं. "तुम्ही गेलात तर मी काही तुम्हाला धरून ठेवणार नाही, मिस्त्री," ते म्हणाले. "पण सही तुमची आहे."

माझ्या सहीपायी मी एवढा तमाशा केला होता. आता तीच सही मोडून गावाला कुठल्या तोंडानं जायचं?

गेल्या आठवड्यात नव्या कंपनीनं दोन्हीकडच्या लोकांना आमच्याच कँटीनमध्ये बसवलं. भगदाडाची जागा तशीच बुजलेली. व्याही आणि त्याची माणसं हायवेवरनं वळसा घालून, गळ्यात कार्डं अडकवून आली. पहिल्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्च्या. मी आणि व्याही शेजारी. भिंतीवर पुन्हा इंग्रजी अक्षरं. बोलणारा एक चुणचुणीत माणूस होता. त्यानं सगळ्यांवरनं नजर फिरवली, माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "मामा, तुम्हाला समजेल असं सांगतो."

पाठीमागं कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं.

व्याह्यानं हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबलाही नाही, नुसता ठेवला. भट्टीचा घुमणारा आवाज कँटीनपर्यंत येत होता, म्हणजे आज ती खरोखर चालू होती. जाऊन बघायला आज कारण होतं.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बायकोचा. भात कापणीला आलं असणार. मी तो वाजू दिला आणि समोर बघत शेवटपर्यंत बसून राहिलो.